जित्त्या माणसाचा सांगावा

लवळ्याची चढण निम्मी सरली होती आणि कोंडिबा अजून सायकलवरच होता. त्या चढणीला भले भले गडी खाली उतरत आणि सायकल हातानं ढकलत नेत. कोंडिबा सीटवरून उठून पायडलवर उभा राहिला होता. एकदा या अंगाला झुकायचा, एकदा त्या अंगाला. माघातली सकाळ होती. हवा इतकी कोरडी आणि गार, की नाकातून आत जाताना बोचत होती.

बांधापलीकडं दोन बायका हरभरा उपटत होत्या. सायकल ओळखून एकीनं कंबर सरळ केली.

"कुनाकडं, कोंडिबा?"

"नांद्याला."

"नांद्यात कुनाकडं?"

त्यानं आणखी दोनदा पायडल दाबलं. मग म्हणाला, "लेकीकडं."

बाईच्या हातातली जुडी हातातच राहिली. "म्हंजी, सारजाबाई...?"

"न्हाई, न्हाई. आजारी हाय नुसती."

"व्हय," ती हळूच म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

कोंडिबाला वाटलं, थांबावं आणि नीट सांगावं. पण थांबला असता तर सांगता आलंच नसतं. थांबलं की त्याला खोकला यायचा.

पुण्याला पुरानं धुऊन नेलं, त्याच्यानंतरचा तो हिवाळा. कोंडिबाचं जांभूळमाळ मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. धरणात जुनी गावं गेली तेव्हा एका घरातली माणसं चार दिशांना पांगली होती. थोरला भाऊ डोंगराला चिकटून राहिला, तर धाकटा पौडाकडं उतरला. कुणाच्या लेकी माण, नांदे, हिंजवडीला दिलेल्या. आज त्या गावांची नावं घेतली की लोकांना उंच इमारती आठवतात. तेव्हा तिथं भात आणि हरभरा पिकायचा आणि रस्त्यानं बैलगाडी गेली तरी माणसं वळून बघायची. अशात घरात कुणी गेलं की लेकीला, भावाला कळवायचं कसं? लेक आल्याशिवाय मैत हलायची नाही. मग कुणीतरी सांगावा घेऊन जायचं.

पूर्वी हे काम गावकीचं होतं. ज्यांच्या गळ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या अडकवलं होतं त्यांनी धर्म बदलला तेव्हा ते टाकलं, आणि बरंच केलं. त्यानंतर काही दिवस गावात मोठी पंचाईत झाली. सांगावा न्यायला कुणी तयार होईना. आपण जाऊन दुसऱ्याच्या दारात मरण सांगायचं, हे कुणाला हवं? कोंडिबाकडं सायकल होती. धरणाच्या कचेरीत तो निरोप्या होता, आणि नोकरी सुटली तेव्हा कचेरीनं मोडीत काढलेली सायकल त्याच्याकडं आली होती. एकदा शेजारच्या घरचा अडलेला निरोप तो पोचवून आला. मग दुसरा. पुढं कुणी विचारलंसुद्धा नाही. माणूस गेलं की पोरं धावत कोंडिबाच्या दारात यायची आणि त्याची बायको सारजाबाई न बोलता त्याचा पटका आणून त्याच्या हातात द्यायची.

सांगाव्याची एक रीत होती. दाराबाहेर उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. आणि गेला, गेली असं म्हणायचं नाही. "लई आजारी हाय, बोलावलंय, निघा," एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याला कळायचं. तरी तोही "व्हय" म्हणायचा आणि पायताण शोधायला लागायचा.

खोकला नंतर आला. पहिली एक-दोन वर्षं काही नव्हतं. मग एका हिवाळ्यात, कुणाच्या तरी दारात सायकल टेकवली आणि छातीत जणू कुणी भुसा उधळला. कोरडा, खडखडीत खोकला. बेडका नाही, रक्त नाही, नुसती ढास. सायकल चालवताना कधी यायचा नाही. पाय थांबले की यायचा, आणि मग बराच वेळ जायचा नाही. सावकाश गेलं तर येत नसे, पण दमछाक होईस्तोवर हाणली की ठरलेला. गावात क्षयाची कुजबुज झाली तेव्हा सारजाबाईनं त्याला धरून पौडाला डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरनं पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"छाती साफ आहे तुमची," डॉक्टर म्हणाला. "गार हवेत दम लागेपर्यंत सायकल मारता, त्यानं नळ्या आकसतात. सावकाश जात जा."

"सावकाश गेलो तर मैत थांबंल का, डाक्टर?"

डॉक्टर हसला आणि त्यानं लाल औषधाची बाटली भरून दिली. सारजाबाई घरी येईपर्यंत बडबडत होती. "इचारायचं तरी नीट. डाक्टरशी कसली टिंगल करताय?" पण क्षय नाही म्हटल्यावर तिनं त्या रात्री भाकरीवर तूप घातलं होतं.

हळूहळू असं झालं, की सांगावा तोंडानं सांगायची गरजच राहिली नाही. कोंडिबा दारात येऊन हॅंडलवर वाकून खोकायला लागला की आतून रडं फुटायचं. त्याचा आवाज मोकळा होईस्तोवर बायकांनी केस सोडलेले असायचे. त्याला नुसतं नाव सांगावं लागायचं. पौडच्या बाजारात एखादं पोर त्याची नक्कल करून खोकलं, तर आया त्याच्या पाठीत धपाटा घालायच्या.

म्हणून कोंडिबा लग्नाकार्याला सायकलवर जात नसे, चालत जाई. लेकीचं, सगुणाचं लग्न नांद्यात ठरलं तेव्हा तिच्या सासूनं, साळूबाईनं, सुपारी फुटायच्या आधी बजावलं होतं. "पाव्हनं, राग मानू नगा. पर आमच्या दारात सायकलवर कवा येऊ नगा." त्यानं ते पाळलं होतं. लेकीकडं जायचं तर पिरंगुटापर्यंत एसटी आणि पुढं पायी, हातात काकडीची नाहीतर तांदळाची पिशवी. लेकीच्या दारात तो सायकलवर आज पहिल्यांदाच चालला होता.

सारजाबाई तीन आठवडे तापानं अंथरुणाला खिळली होती. पौडचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, छाती दोन्ही बाजूंनी धरलीय. काल दिवसभर ती कुणाला ओळखत नव्हती. आज उजाडताना मात्र तिनं डोळे उघडले, शेजारच्या चंद्राबाईनं भरवलेली पेज दोन घोट घेतली आणि कोंडिबाकडं बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "सगुणीला आना. आज आना."

चंद्राबाई त्याला बाहेर घेऊन आली. "विझायच्या आदी दिवा मोठा झालाय, कोंडिबा," एवढंच ती म्हणाली. "गाडीची वाट बघत बसू नगा."

वाटेत त्यानं मनाशी ठरवलं होतं. नांद्याच्या अलीकडं, ओढ्याजवळच्या विहिरीपाशी उतरायचं. ढास तिथंच जाऊ द्यायची. तोंड धुवायचं, पटका नीट करायचा आणि सायकल हातात धरून, रमतगमत आल्यासारखं दारात जायचं. बाप म्हणून जायचं. "आईला बरं न्हाई, चल दोन दिस," असं साध्या तोंडानं म्हणायचं. त्यात जरा वेळ जाईल. पण सगुणा घाबरणार नाही, आणि लगेच सायकलच्या कॅरेजवर बसेल. पिरंगुटला दुपारची मुळशीकडं जाणारी एसटी धरली की दिवस कलायच्या आत घर.

विहिरीपाशी तो उतरला आणि ढास आली. रोजच्यापेक्षा जास्त आली. तो सायकल आडवी टाकून उकिडवा बसला. डोळ्यांतून पाणी, कानात सूं आवाज. काठावर एक बाई पाणी शेंदत होती, तिच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तिनं त्याला बघितलं, ओळखलं, आणि तिच्या हातातला दोर सरकन आत गेला.

"आगं बया. कोंडिबा, सगुणाची आय गेली का काय?"

त्यानं मान हलवली. बोलायला गेला तर तोंडातून नुसता खोकला. मग त्यानं हात हलवला, न्हाई न्हाई म्हणून. तळहात वर करून, हवेत, दोनदा.

गेली म्हणतानाही माणसं हात असाच हलवतात. बाईनं घागर तिथंच सोडली आणि लुगडं वर खोचून ती गावाकडं धावत सुटली. कोंडिबा तिच्या पाठीमागं चार पावलं गेला, पुन्हा वाकला. हाक मारण्याइतका वाराही छातीत नव्हता.

तो सायकल ढकलत गल्लीत शिरला तेव्हा रडं दाराबाहेर आलं होतं. सगुणा ओट्यावर बसली होती, केस सुटलेले, दोघीजणींनी तिला दंडाला धरलेलं. तिचा सासरा गेणबा डोक्याचं मुंडासं काढून उभा होता. कोंडिबाला बघताच त्यानं पुढं होऊन सायकल त्याच्या हातातून घेतली आणि त्याला धरून ओट्यावर बसवलं. सायकलवर आलेला कोंडिबा आजवर कुणाच्या ओट्यावर असा टेकला नव्हता.

"जित्ती हाय," तो खोकत म्हणाला. "गेणबा, जित्ती हाय. सकाळी पेज पेली."

"व्हय, व्हय. बसा, पाव्हनं. तुमीबी मानूसच हायसा."

"आरं, खरंच जित्ती हाय."

"व्हय," गेणबा म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

हा 'व्हय' कोंडिबानं किती दारांत ऐकला होता. इतक्या मायेनं म्हटलेला, आणि कशालाही दाद न देणारा. आता तो त्याच्याच अंगावर आला होता.

सगुणानं तोंड वर केलं. "कवा गेली, आबा?"

"गेली न्हाई गं. आजारी हाय. सगुणीला आना म्हनली."

"मला नगा असं सांगू. माझं लगीन व्हायच्या आदी इचारलं हुतं तुमास्नी, लोकास्नी खोटं का सांगताय म्हनून. तुमीच म्हनला हुता, तेवढ्या वाटंपुरतं तरी त्यांचं मानूस जित्तं ऱ्हातंय."

"तुझी शप्पत, सगुणे."

"शप्पतबी घ्याल तुमी," ती म्हणाली. "माझ्यासाठनं घ्याल."

कोंडिबानं डोळे पुसले. ढास आता तुटक येत होती. एकदम त्याला काहीतरी सुचलं. "आगं, सकाळी शिव्या घातल्या तिनं तुला. म्हनली, दिवाळीला आली न्हाई सटवी. सासूच्या पदराला गाठ मारून घेतलीया का काय."

सगुणाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आई अशीच बोलायची. साळूबाईनं दारातून मान वळवली. पण सगुणाला दंडाला धरून बसलेली एक म्हातारी नाक शिंकरून म्हणाली, "जलमभर ऐकलंय त्यानं तिचं बोलनं. आता ऱ्हायलंय ते त्याच्याच तोंडात." आणि सगुणा पुन्हा गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली.

कोंडिबा उठला. साळूबाईसमोर जाऊन त्यानं हात जोडले. "इहीनबाई, पोरगी तेवढी द्या माज्यासंगं. कॅरेजवर बसवून न्हेतो. दुपारची यष्टी घावंल."

"आसं कसं, पाव्हनं? आयच्या मैतीला सून एकटी धाडली, कोरड्या हातानं धाडली, अशी नावं ठेवत्याल उद्या. आमाला काय रीतभात हाय का न्हाई?"

"मैत न्हाई ओ."

"व्हय," साळूबाई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "तुमी गप बसा जरा."

ती आत गेली. पेटीची कडी वाजली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडीचं हिरवं इरकली लुगडं होतं. नवऱ्याआधी, अहेव गेलेल्या बाईच्या अंगावर हिरवंच लुगडं घालायचं. पिरंगुटच्या दुकानात मिळालं असतं साधंसं, पण साळूबाई साध्यावर भागवणारी बाई नव्हती. भावानं भाऊबिजेला घेतलेलं, भाच्याच्या लग्नासाठी ठेवलेलं, एकदाही अंगाला न लावलेलं लुगडं तिनं काढलं होतं. सगुणानं ते बघितलं आणि सासूच्या पायाशी वाकली. कोंडिबानं मान फिरवली.

मग माणसं जमायला लागली. शेतावरून जावयाला, जयसिंगला, बोलावणं गेलं. त्याच्या हिंजवडीच्या चुलत्यांकडं कुणीतरी धावलं. चुलते आल्याशिवाय निघायचं कसं, असं कुणी म्हणालं. कोंडिबा गल्लीत उभा राहून सूर्याकडं बघत होता.

"त्यास्नी मागनं येऊ द्या," तो गेणबाला म्हणाला. "पोरीला आत्ता काढा. गेणबा, पाया पडतो तुमच्या. येळ न्हाई."

गेणबानं त्याच्याकडं जरा वेळ निरखून बघितलं. कोंडिबाला वाटलं, पटलं. मग गेणबा लोकांकडं वळून म्हणाला, "त्याचं बरूबर हाय. ऊन चढायला लागलं. मैत ताटकळत ठेवू ने. जयसिंग, गाडी जुप. तू, तुजी आय आन् सगुणा म्होरं व्हा."

कोंडिबानं त्याला दुरुस्त केलं नाही. गाडी जुंपताना तो एवढंच म्हणाला, "मी म्होरं जातो. यष्टी धरून ठेवतो."

पिरंगुटपर्यंतची वाट तो कसा आला हे त्याचं त्याला कळलं नाही. पायांत गोळे आले होते. रस्त्यावर गाडीवान बाजूला होत होते आणि आपापल्या गावाचं नाव तो घेतोय का म्हणून कान टवकारत होते. फाट्यावर पिंपळाखाली एसटी उभी होती, इंजिन चालू, आणि कंडक्टर दोरीला हात घालत होता. कोंडिबानं सायकल थेट गाडीच्या तोंडापुढं नेली आणि तिथंच उतरला. उतरला आणि ढास आली.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शिवी घालायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पौड रस्त्यावरच्या गाड्यांवर कोंडिबाला न ओळखणारं कोण होतं? कंडक्टर खाली उतरला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"कोन गेलं, मामा?"

कोंडिबा वाकून खोकत होता. त्यानं एक हात मागं करून लवळ्याच्या वाटेकडं दाखवलं.

"मानसं यायचीत का? तिकडनं?"

त्यानं मान डोलावली. हे तरी खरं होतं.

"घरातलंच कोन काय?"

कोंडिबानं पुन्हा मान डोलावली, आणि कंडक्टरनं जिभेनं चुकचुक केलं. तो गाडीत चढून म्हणाला, "मंडळी, जरा दम काढा. मैतीची मानसं यायचीत." गाडीत कुणी कुरकुरलं नाही. आजारी माणसासाठी एसटी थांबली नसती, हे कोंडिबाला ठाऊक होतं. मैतीसाठी ती थांबायची. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि पिंपळाखाली बिडी पेटवली.

वाटेवर बैलगाडीचा पत्ता नव्हता. काही वेळानं कोंडिबाची ढास ओसरायला लागली. छाती मोकळी होऊ लागली, गळ्यात आवाज परत आला. आता सांगता आलं असतं. कुनी गेलं न्हाई, मालक, बाईल आजारी हाय माजी, लेकीला भेटवायची हाय, असं. कंडक्टर त्याच्याकडं बघतच होता. मनगटावरच्या घड्याळाकडंही बघत होता.

कोंडिबानं हॅंडलवर कपाळ टेकलं आणि तो खोकत राहिला.

ओढून आणलेला खोकला खऱ्यापेक्षा जास्त दुखतो. प्रत्येक ढासेबरोबर त्याच्या मनात येत होतं, की आजवर मेलेल्या माणसांना आपण वाटेपुरतं जित्तं ठेवलं, आणि आज जित्त्या सारजाचा सांगावा आपल्याच तोंडानं दिला. तिकडं तिनं डोळे मिटले तर ते कशानं मिटले म्हणायचं? तो थांबायचा, वाटेकडं बघायचा, धूळ दिसायची नाही, की पुन्हा वाकायचा. शेवटी लवळ्याच्या अंगानं धूळ दिसली आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. त्यानं सायकल चहाच्या दुकानामागं लावली. आता तो खरोखरच खोकत होता.

एसटीत लोकांनी पुढची जागा करून दिली. अनोळखी बायकांनी सगुणाला मध्ये बसवून घेतलं, एकीनं तिचे केस बांधून दिले. साळूबाई लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. जयसिंग मागं सासऱ्याशेजारी उभा होता. पौड गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगा मला तरी. रातीच गेल्या का?"

"सकाळी मी निघालो तवा हुती," कोंडिबा म्हणाला.

जयसिंग जवळ सरकला. "आन् आता?"

"आता मला ठावं न्हाई."

हे उत्तर मात्र जयसिंगला खरं वाटलं असावं. त्यानं सरकून सासऱ्याला दांडा धरायला जागा करून दिली.

जांभूळमाळच्या फाट्यावर चौघं उतरली तेव्हा उन्हं कलली होती. वाडी वर, चढावर. माहेरच्या वेशीपाशी पोचलं की लेकीनं हंबरडा फोडायचा, ही रीत. सगुणानं वेशीच्या दगडापाशी कपाळावर हात मारून घेतला आणि "आये गं" म्हणून गळा काढला. साळूबाईनं तिला धरलं. कोंडिबा मात्र पुढं जाऊन थांबला होता, मान वर करून. घराकडून काही आवाज येत नव्हता. रडं नाही, बोलणं नाही. याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. मग त्याला कौलांतून वर चढणारा धूर दिसला.

"सगुणे," तो म्हणाला. "गप. धूर बघ."

सगुणानं डोळे पुसले आणि बघितलं. साळूबाईनं बघितलं. मैत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत.

"चूल हाय ती," कोंडिबा म्हणाला. "चंद्राबाईनं पेटवलीया."

सगुणा लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून चढावर धावत सुटली.

बाकीचे पोचेस्तोवर ती आईच्या उशाशी होती. सारजाबाई भिंतीकडं सरकून, गोधडीखाली, मूठभर झालेली. चंद्राबाई चुलीपाशी पाणी तापवत होती.

"एवढा येळ लावला," सारजाबाई म्हणत होती. आवाज बारीक, पण तिचाच. "आन् येशीत कुनाच्या नावानं रडत हुतीस?"

सगुणानं आईच्या हातावर गाल टेकला. साळूबाई उंबऱ्यातच थांबली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिशवीतून डोकावणारं लुगडं ती पदराखाली ढकलत होती, आणि घडी कडक असल्यानं ते पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं.

"या, इहीनबाई," सारजाबाई म्हणाली. "काय झाकताय?"

"काय न्हाई."

"हिरवं दिसतंय."

साळूबाईनं पिशवी पाठीमागं नेली. जयसिंग बाहेर निघून गेला. सारजाबाईनं एकदा तिच्याकडं, एकदा सगुणाच्या सुजलेल्या डोळ्यांकडं आणि मग नवऱ्याकडं बघितलं. एवढा मोठा संसार केलेल्या बाईला आणखी काय सांगायचं असतं?

"माज्यासाठनं आनलंय व्हय?"

"चुकलं आमचं," साळूबाई म्हणाली आणि तिला रडू आलं. "पाव्हनं घसा फोडून सांगत हुतं, आमीच आयकलं न्हाई. असलं जित्त्या घरात आनू ने. परत न्हेते म्या, नदीत सोडते."

"नदीत? आन् इकडं, बघू."

साळूबाईनं भीतभीत लुगडं तिच्यापुढं धरलं. सारजाबाईनं काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला. "इरकली हाय. तुमचं सोताचं?"

"भावानं घेतलेलं."

"म्या नव्हतं कवा नेसलं इरकली." ती जरा दमली, थांबली. "मेल्यावर नेसवून मला काय दिसतंय त्यातलं? आत्ता नेसवा."

"आगं, मैतीचं कापड हाय त्ये," चंद्राबाई चुलीपासून म्हणाली. "असं जित्त्या अंगाला..."

"तू फुकनी मार. त्यास्नी बाहीर घालवा."

कोंडिबा बाहेर जाऊन ओट्यावर बसला. आत तिघी बायकांची कुजबुज चालली होती, हिकडनं धर, दुमडून घे, लई लांब हुतंय. एकदा सारजाबाई कण्हली, एकदा सगुणा हसल्यासारखी वाटली. खाली धरणाच्या पाण्यावर उन्हाची पट्टी लांबत चालली होती. मग सगुणानं दारातून हाक मारली.

नव्या लुगड्याला खळ होती. ते अंगाला चिकटून बसत नव्हतं. सुकून गेलेल्या देहावर ते फुगून उभं राहिलं होतं आणि त्यामुळं सारजाबाई बऱ्याच दिवसांनी पुन्हा एवढीशी न दिसता, होती तेवढी दिसत होती. कपाळाला कुंकू लावलेलं. नेसवण्याच्या त्या एवढ्या श्रमानंही तिला गुंगी आली होती आणि डोळे मिटत होते.

"बघा," ती म्हणाली.

सगुणा उशाशी बसली. साळूबाई आणि चंद्राबाई चुलीपाशी सरकल्या. कोंडिबा सारजाबाईच्या कडेला मांडी घालून बसला. गोधडी असायची तेव्हा तिचा श्वास वरखाली होताना दिसायचा. त्या कडक कापडाखाली काहीच दिसत नव्हतं. म्हणून तो मधून मधून हात पुढं करून, घडी मोडू नये अशा बेतानं, लुगड्याच्या काठावर टेकवत होता आणि कापड हलल्याचं हाताला कळलं की हात मागं घेत होता.